उजेडातली भाकर

भांडी घासायला वाकले की आंबट पाणी घशाशी यायचं. दोन्ही हात राखेने भरलेले, तोंडावर धरायचे तरी कसे, म्हणून मी ते तसंच गिळायची. खाली जाताना ते पुन्हा सगळी वाट जाळत जायचं. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. निजामाचं राज्य होतं. माझं माहेर मानवतचं, तिथे मी चौथीपर्यंत शिकले. सासर ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात. घरात माणसं चारच: मामंजी, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे आणि मी. चौघांत बोलणारे तीन. मी बोलत नव्हते.

अजूनही फारसं बोलत नाही. लिहायला बसलं की बरं पडतं, समोर कुणी नसतं. तरी एवढ्या चार ओळी लिहिताना मी मध्येच उठून चुलीवर काही उतू गेलं का ते बघून आले. चुलीवर काही नव्हतंच.

आमच्याकडे जेवायची रीत अशी. आधी मामंजी जेवायचे. ते जेवून ओट्यावर जाऊन बसले की यांची वाट बघायची. हे दिवस बुडाल्यावर शेतातून निघत, पण थेट घरी येत नसत. वाटेत पार होता, पारावर माणसं होती आणि यांना गप्पांची हौस. पोरगं उपाशी असताना आईच्या घशाखाली घास कसा उतरावा, म्हणून आत्याबाई थांबायच्या. नवरा उपाशी असताना बायकोने भाकरीला हात लावला तर त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून मी थांबायची. भाकरी फडक्यात गार होत. पोटात आधी भूक खवळायची, मग भूक मरायची, मग नुसतीच कळ राहायची. हे आले, जेवले, उठले की यांच्याच ताटात मी बसायची. जेवण, भांडी, चुलीत विस्तव झाकणं, की लगेच अंग टाकायचं, कारण कोंबड्याआधी उठून जात्यावर बसायचं असे.

यांना तिखट लागायचं. हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर करडईचं कच्चं तेल, अशी धार की बघूनच डोळ्यांत पाणी यावं. आणि त्या ठेच्यातला अर्धा हे माझ्यासाठी ठेवायचे. ताटाच्या कडेला, नीट बोटाने गोळा करून, तेलासकट. स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते माझ्यासाठी ठेवायचं, एवढी एकच गोष्ट ते उघडपणे करू शकत होते. चार माणसांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत त्या दिवसांत. मी तो ठेचा टाकून देणार कशी? एक थेंब न उरवता खायची. आणि मग वाकून भांडी घासायची.

जळायचं ते छातीत. मधोमध, जिथे मंगळसूत्राची वाटी टेकते तिथे. पण हा शब्द सासूसमोर काढायचा कसा? नव्या सुनेने आपल्या छातीचं नाव घ्यायचं म्हणजे पदर ढळल्यासारखंच. मी बरेच दिवस काही बोलले नाही. एकदा सकाळी दळताना इतकं वर आलं की खुंटा सोडून मी भिंतीशी गेले आणि थुंकले. आत्याबाईंनी पाहिलं.

"काय व्हायलंय गं?"

"घसा," मी म्हणाले. "घसा जळायलाय."

तोंडाला आलं ते बोलले. घसा जळत होताच की, अगदीच खोटं नव्हतं.

आत्याबाई माणूस कामाच्या. त्यांनी त्याच दिवशी डब्यातून मिरे काढले, सुंठ काढली, तुळशीची पानं तोडली आणि गुळाचा काढा उकळला. मिरे आमच्याकडे बाजारातून मोजके येत, पाहुण्याच्या आजारपणालासुद्धा त्या चार दाणे देत. मला मूठभर घातले. समोर बसून प्यायला लावलं.

"गरम गरमच घे. घोट घोट. घसा मोकळा व्हतोय बघ."

तो काढा खाली गेला आणि मला वाटलं, मी चूल गिळली. डोळ्यांतून पाणी आलं. आत्याबाई म्हणाल्या, "हां. लागू पडला बघ."

मग रोज काढा. मला सांगता येईना की थांबवा. घशाचा म्हणून दिला तर घसा बरा झाला म्हणायला हवं होतं, पण तेवढंही मला सुचत नसे, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा थुंकायला गेले तर काय सांगू? त्या काढ्याने जीव अगदी मेटाकुटीला आला. कुठे धड बसावंसं वाटेना. चुलीपाशी बसले की उठावंसं वाटे, उठले की उगाच गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात फिरवून यावं. आत्याबाई म्हणत, "पायात भिंगरी बांधलीय का काय हिच्या." शेवटी मिरे संपले, तेव्हा काढा सुटला.

मग ते धामधुमीचं वर्ष आलं. राज्य जाणार की राहणार कुणाला कळत नव्हतं. आजूबाजूच्या गावांवर धाडी पडल्याच्या बातम्या येत. खऱ्या किती, खोट्या किती, कोण सांगणार? पण भीती खरी होती. पारावर बैठक बसली आणि ठरलं की दिवस बुडाला की गावात चूल पेटती ठेवायची नाही, दिवा लावायचा नाही. धूर नको, उजेड नको. माणसांनी पाळीपाळीने वेशीवर जागायचं.

त्या दिवसापासून आमच्या घरची रीत मोडली. मोडली असं कुणी म्हटलं नाही, म्हणायला वेळच नव्हता. ऊन भिंतीवर असतानाच हे शेतातून येत. पार ओसाड पडला होता. मामंजी आणि हे एका पंगतीला बसत, आणि आम्ही दोघींनी त्यांचं होईपर्यंत थांबलं तर अंधार पडणार. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी दाराकडे बघत घाईघाईने म्हटलं, "तू बी वाढून घे. अंधारात काय चाचपडायचंय?" मी दाराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, वेगळ्या ताटात जेवले. माझ्या पाठीमागे माझे सासरे जेवत होते!

मामंजी मला उद्देशून कधी काही बोलत नसत. आत येताना दारात खोकत, म्हणजे मी पदर सावरावा. त्या दिवशी ते ताटाकडे बघत म्हणाले, "शेजारचे जैन दिवसाउजेडी जेवत्यात म्हणून मी त्यायला हसायचो. आता आपण बी त्यायच्याच पंगतीला."

"हसा की," आत्याबाई म्हणाल्या. "पर हळू हसा. भाईर आवाज जातोय."

ताडकळसचा बाजार भरेनासा झाला. मळ्यातल्या मिरच्यांना पाणी द्यायला कुणी जाईना, ती रोपं उभी वाळली. करडईचं तेल संपलं ते संपलं. मग कण्या शिजवायच्या, मुगाचं पातळ वरण, दूध-भाकर, सकाळचं गोड ताक. हे एकदा म्हणाले, "आजाऱ्याचं जेवण झालंय हे," पण खाल्लं. आणि जेवल्यावर झोप कुणाला? भिंतीला पाठ टेकून आम्ही दोघी ताठ बसायचो, बाहेरच्या कुत्र्यांचा आवाज ऐकत.

असेच बसलो असताना एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की माझी छाती गप्प आहे. मी आवंढा गिळून पाहिला. पुन्हा गिळला. काही नाही. किती दिवस झाले होते, तेही आठवेना. शेजारची लेकरं रडू नयेत म्हणून आया त्यांना छातीशी दाबून बसलेल्या, आणि माझ्या आत मात्र थंड. मला ते इतकं चमत्कारिक वाटलं की मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, गावावरचं हे संकट माझ्यासाठी नको रे लांबवू. आणि लगेच दुसरी भीती वाटली, की हे थांबलं आणि पुन्हा जळायला लागलं तर?

ते थांबलं. पावसाळा सरता सरता राज्य गेलं. गावात दिवे लागले, लोकांनी गुलाल उधळला. हे पहिल्याच भरलेल्या बाजाराला ताडकळसला गेले आणि उपरण्यात बांधून हिरव्यागार मिरच्या घेऊन आले. ओट्यावर उपरणं सोडताना यांचं तोंड असं फुललं होतं की मला हसू आलं. त्या संध्याकाळी पार पुन्हा भरला. भाकरी फडक्यात गार झाल्या. ताटाच्या कडेला ठेचा नीट गोळा करून ठेवलेला होता, नेहमीपेक्षा जास्त. एवढ्या दिवसांनी मिळाला म्हणून.

चार दिवसांत आग परत आली.

पहिल्यांदा जळत होतं तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. आता माहीत होतं, आणि तेच जास्त वाईट. दिवस कलायला लागला की माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या उन्हाकडे. आता जेवलं तर बरं राहील. आता जेवलं तर. ऊन वर सरकत जाई, पत्र्याच्या कडेला पोचे, जाई. मी उगाच पीठ चाळायची, चाळलेलं पुन्हा चाळायची.

माझ्या हातात होतं तेवढं मी करून पाहिलं. धने रात्रीचे भिजत घालून सकाळी ते पाणी प्यायची. बडीशेप चघळायची. दूध काढताना आत्याबाईंचं लक्ष नसलं की गार झालेल्या कालच्या दुधाचा घोट घ्यायची, त्याने थोडा वेळ थंड वाटे. दळायला बसण्याआधी कोरड्या भाकरीचा तुकडा खायची, रिकाम्या पोटी वाकलं की जास्त वर येतं हे कळलं होतं. उशाला गोधडीची जाड घडी घेतली, डोकं उंच राहिलं की पाणी वर येत नसे. ते आत्याबाईंनी पाहिलं.

"मानवतच्या राणीला उशाला गादी लागायलीय आता."

या सगळ्याने रुपयातले चार आणे फरक पडला. बाकीचे बारा आणे जेवणाच्या वेळेत होते आणि त्या ठेच्यात होते. ते बोलल्याशिवाय मिळणार नव्हते. आणि मागायचं काय? नवऱ्याच्या आधी जेवू द्या, हे! आमच्या घरात असं कुणी मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, गावातही नाही. आणि एक भीती मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते. खरंच यांच्या आयुष्याला काही झालं तर? छातीतल्या जळजळीपायी?

कापूस फुटला. वेचणीला आम्ही दोघी शेजारशेजारच्या ओळीत असायचो. वेचताना एक बरं असतं, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. नजर बोंडावर, हात चालू, ओटी भरत जाते. एक अख्खी ओळ मी शब्द जुळवत होते. दुसरी ओळ नुसती घाबरण्यात गेली.

"आत्याबाई," मी म्हणाले.

"काय?"

"घसा न्हाई."

"काय न्हाई?"

"घसा जळत न्हाई माझा. खाली जळतंय."

"खाली कुठं?"

मी हातातल्या बोंडाकडे बघत म्हणाले, "छातीत."

त्यांचे हात थांबले. सुकलेल्या पऱ्हाट्यांची खसखस थांबली म्हणून कळलं.

"कवापासून?"

"ठेच्यापासून."

"ठेच्यापासून म्हंजे पहिल्यापासून."

"व्हय."

"आन् मी घसा समजून काढा पाजीत बसले?" त्यांचा आवाज चढला. "अगं माय माझे! मूठ मूठ मिरे घातले की गं! आगीत सरपण घातलं मी. आन् तू पीत बसलीस? तोंड न्हाई का तुला?"

मी पुढच्या बोंडाला हात घातला. तेवढ्यात त्या हसायला लागल्या. हसता हसता ओटीतला कापूस खाली सांडला, तो दोघींनी वेचला.

"धामधुमीत राहिलं व्हतं," मी म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर मिटेना. "पुरतं राहिलं व्हतं. उजेडी जेवायचो, तिखट नव्हतं, बसून ऱ्हायचो तवा."

त्या पुन्हा वेचायला लागल्या. मला वाटलं, संपलं, रागावल्या.

"माझं बी राहिलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"तुमची बी जळती?"

"तुझ्याएवढी व्हते तवापासून. माझी सासू म्हणायची, चुलीपाशी बसणाऱ्या बाईची छाती जळायचीच. मी म्हणलं असंल. मला वाटलं, त्या दिसांत भ्यानं भूकच मेली, म्हणून जळत नसंल."

"मग आपण आधी जेवायचं का?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधी?" आता त्या माझ्याकडे बघत होत्या. "काय बोलायलीस? त्याचं आयुष्य..."

"धामधुमीत संगंच जेवलो. समदे हायेत की."

"संगं येगळं. आधी येगळं." त्यांनी ओटी झटकली. "त्यालाच लवकर बोलवू. म्या सांगते."

त्यांनी सांगितलं. हे दोन दिवस लवकर आले, बळंच, पाय आपटत. आम्ही उजेडी जेवलो. तिसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी परभणीहून आलेलं होतं, त्याच्या बातम्या ऐकायच्या होत्या. चौथ्या दिवशीही तेच. आत्याबाई दारातून आत, आतून दारात. मी पीठ चाळत होते. भिंतीवरचं ऊन एवढंसं उरलं होतं.

"आण ताटं," आत्याबाई एकदम म्हणाल्या. "दोन आण."

मी ताटं आणली. एक ताट खाली ठेवताना वाजलं. आम्ही चुलीपाशी समोरासमोर बसलो. पहिला घास मी घेतला तेव्हा मला वाटलं, आता बाहेरून कुणीतरी धावत येईल आणि यांचं काहीतरी सांगेल. घास गिळला. कुणी आलं नाही. दुसरा घेतला. आणि दारात मामंजी खोकले.

ते जेवून ओट्यावर गेले होते, तंबाखूची चंची आत राहिली होती. आत्याबाईंच्या तोंडात घास होता, त्यांना थांबा म्हणता आलं नाही. मामंजी आत आले आणि थबकले. मी पदर ओढून भिंतीकडे वळले. हात ताटातच राहिला.

"पोरगं जेवून गेलं का?" त्यांनी कोनाड्याकडे बघत विचारलं.

"न्हाई."

"मग?"

आत्याबाईंनी घास गिळला. "हिच्या छातीत आग पडलीय," त्या म्हणाल्या. अगदी असंच, मोठ्याने, माझ्या सासऱ्यासमोर! मला वाटलं, जात्याखाली शिरावं. "माझ्या बी. किती वर्सं. कवर वाट बघायची?"

मामंजी उभे राहिले. चंची हातात घेऊन नुसतेच उभे. पदराच्या कडेतून मला त्यांचे पाय दिसत होते. एक बोट हलत होतं.

"म्हंजे गावची धामधूम मिटली," शेवटी ते म्हणाले, "अन् आपल्या घरची राहिली."

"मिटवायलोतच की. तुमी भाईर बसा, आमाला जेवू द्या."

ते गेले. आत येताना खोकायची त्यांची सवय, त्या दिवशी जातानाही खोकले.

हे आले तेव्हा आमची भांडी घासून झाली होती. मी एकच ताट वाढलं. यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आईला विचारलं, "तुमी?"

"जेवलोत आमी. तू बस पारावर खुशाल."

हे खाली मान घालून जेवले. उठले तेव्हा ताटाच्या कडेला ठेचा होता, बोटाने नीट गोळा केलेला, तेलासकट. सवयीने ठेवला की मुद्दाम, अजूनही मला ठरवता येत नाही. मी ते ताट हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. टाकवेना. खाववेना. शेवटी तो वाटीत काढून झाकून ठेवला आणि सकाळी यांच्या न्याहारीच्या भाकरीवर घालून फडक्यात बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात मी गाईपाशी होते, तिथे हे आले. आसपास कुणी नाही हे बघून म्हणाले, "माझाच ठेचा मलाच परत धाडलास?"

"मला जळतंय त्यानं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगायला तुमी पारावर."

असं मी बोलले. कासेतल्या धारेचा आवाज होता म्हणून बोलले असेन. हे थोडा वेळ गाईचा कान ओढत राहिले, मग निघून गेले.

त्यानंतर यांनी ताटात काही ठेवलं नाही. ताट असं निपटायचे की धुवायचं काही उरू नये. माझी छाती निवली, आत्याबाईंचीही निवली. सणावाराला तळलेलं खाल्लं, किंवा जेवून लगेच कलंडले, की पुन्हा आंबट यायचं, तेव्हा बसून राहायचं, धन्याचं पाणी घ्यायचं, आणि जायचं. पण ते रिकामं ताट पहिल्यांदा घासायला घेतलं तेव्हा मला सारखी कडा चाचपावीशी वाटली.

हे पार सोडून आले नाहीत. कधी लवकर येत, बहुतेक येत नसत. दिवस कलायला लागला की माझे पाय घरात ठरायचे नाहीत. भाकरी झाल्या की एकदा वाटेकडे बघायचं, एकदा भिंतीवरच्या उन्हाकडे. ऊन आधी गेलं तर आम्ही दोघी जेवायला बसायचो. हे आधी आले तर मी आणखी एक ताट काढायची.